गाठ नेमकी कुठे आहे

सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडला की बहुतेक वेळा एकच मजकूर असतो: गर्भाशय आकाराने मोठं, भिंतीत फायब्रॉइडच्या गाठी, सर्वांत मोठी अमुक सेंटिमीटरची. खाली सही, शिक्का. एवढ्यावर उपचार ठरवणं म्हणजे घर कुठल्या गावात आहे हे न विचारता ते किती खणांचं आहे यावरून त्याची किंमत करणं. गाठ चार सेंटिमीटरची आहे हे कळून मला फारसं काही कळत नाही. ती आतल्या पोकळीत लोंबते आहे, भिंतीच्या मधोमध बसली आहे, की बाहेरच्या अंगाने पोटात फुगली आहे, हे कळलं की निम्मं काम झालं.

म्हणून रिपोर्ट कितीही नावाजलेल्या ठिकाणचा असो, मी प्रोब स्वतः फिरवून बघते आणि केसपेपरच्या पाठीमागे गर्भाशयाचं चित्र काढून त्यात गाठी भरते. २०११ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिगो’ने, या गाठींना जागेप्रमाणे शून्य ते आठ असे क्रमांक दिले. शून्य म्हणजे सगळीच्या सगळी पोकळीत, चार म्हणजे पूर्णपणे भिंतीच्या मांसात, सात म्हणजे बाहेरून देठाने लटकलेली. दीड सेंटिमीटरची शून्य क्रमांकाची गाठ बाईचं हिमोग्लोबिन पाचावर आणते. आठ सेंटिमीटरची सात नंबरची गाठ वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहते आणि तिचा पत्ता दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत लागतो. भीती मात्र आठ सेंटिमीटरवालीच जास्त घेऊन येते.

धावडा भोकरदन तालुक्याच्या वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचं गाव. पुढे लगेच बुलढाणा जिल्हा. तिकडच्या बाया जालन्याला माझ्याकडे पोचतात तेव्हा त्या पहिल्यांदाच डॉक्टरकडे आलेल्या नसतात. बुलढाणा झालेलं असतं, सिल्लोड झालेलं असतं, गावातल्या डॉक्टरांच्या सलाइनी झालेल्या असतात. येतात त्या बहुधा कापूस वेचून झाला की, नाहीतर मिरचीच्या दोन तोड्यांच्या मधे. पदराआड लपवलेले पांढरेफटक हात, चपटी झालेली नखं, जिना चढून आल्याची धाप. बसल्या बसल्या पहिलं वाक्य ठरलेलं: “मॅडम, कायले ठेवायची आता? लेकरं झाली. काढून टाका पिशवी एकदाची.”

हे वाक्य बोलणाऱ्या बाईला अडाणी समजायची चूक शहरातले लोक करतात. तिचा हिशेब पक्का असतो. महिन्याचे सात-आठ दिवस अंगावरून जातं, त्यातली रोजंदारी बुडते. शेतात आडोसा नाही, पाणी नाही, दिवसातून चार वेळा कपडा बदलायचा कुठे? कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की गाठ आहे म्हणजे पुढे कॅन्सर होणार. मग एकदाचं मोठं ऑपरेशन करून मोकळं व्हावं, असं तिला वाटलं तर त्यात वेडगळ काय आहे? वेडगळपणा असलाच तर तो टेबलाच्या माझ्या बाजूला बसणाऱ्यांचा आहे. चौतिशीतल्या बाईच्या तोंडून हे वाक्य ऐकून जे ऑपरेशनची तारीख देऊन टाकतात, त्यांचा.

मराठवाड्याला हे नवं नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पुढे एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा, असा आदेश सगळ्या राज्यांना दिला. त्या १३,८६१ जणींमध्ये खरोखर गरज असलेल्याही असतीलच. पण तिशी-पस्तिशीत गर्भाशय काढलं तर अंडाशय जागेवर ठेवले तरी त्यांचं काम लवकर थांबण्याची शक्यता वाढते. आणि अंडाशयही ‘असू देत कशाला’ म्हणून काढले, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी. हाडं ठिसूळ होतात, आणि त्याच हाडांनी मोळी उचलायची असते.

याच काळात आमच्या भागात दुर्बीण आली. म्हणजे आधीही होती, पण आता ती पाटीवर आली: ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’, ‘दुसऱ्या दिवशी घरी’. लॅप्रोस्कोपी मी स्वतः करते, तिच्यावर माझं पोट आहे, तेव्हा तिची निंदा माझ्या तोंडी शोभणार नाही. पण जे डोळ्यांनी दिसतं ते सांगते. पोटावरची चिरफाड लहान झाली आणि गर्भाशय काढायचा निर्णय सोपा झाला. पूर्वी आडव्या टाक्याच्या धास्तीने बाई निदान दोन महिने विचार करायची, सासूला विचारायची, गोळ्या घेऊन बघायची. आता तेवढाही वेळ लागत नाही. बाहेर तीन छिद्रं आणि आत अख्खा अवयव नाहीसा. याला कमीत कमी हस्तक्षेप म्हणायला माझी जीभ वळत नाही. हस्तक्षेप किती झाला हे आत काय शिल्लक राहिलं यावरून मोजावं, असं माझं मत होत गेलं आहे.

वरचं वाक्य बोललेल्या धावड्याच्या एका बाईची गाठ अडीच सेंटिमीटरची होती, क्रमांक एक. म्हणजे बराचसा भाग पोकळीत, थोडा भिंतीत रुतलेला. अशा गाठीसाठी पोटावर एकही छिद्र लागत नाही. आधी शिरेतून लोह देऊन हिमोग्लोबिन वर आणलं, पाळी आवरायला औषध दिलं, आणि मग हिस्टेरोस्कोपी. गर्भाशयाच्या तोंडातून दुर्बीण आत, तिच्या टोकाला तारेचं अर्धगोल कडं, त्यातून वीज. गाठीचा एकेक काप काढत जायचं. पडद्यावर गाठ पांढरी, टणक, भोवऱ्यासारख्या रेषांची दिसते, आणि भोवतीचं मांस गुलाबी, मऊ. पांढरं संपून गुलाबी दिसू लागलं की हात थांबायला हवा. नवशिक्याचा हात इथेच पुढे जातो, कारण पडदा इतका स्वच्छ दिसत असतो की आणखी थोडं काढावंसं वाटतं.

या ऑपरेशनात माझ्याइतकंच लक्ष सिस्टरचं लागतं. पोकळी फुगवायला आत सतत द्रव सोडलेला असतो. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं यातला फरक म्हणजे बाईच्या रक्तात शिरलेलं पाणी. ग्लायसिन वापरलं तर एक लिटरच्या फरकाला थांबायचं, सलाइन असेल तर अडीच लिटरला. त्यापुढे रक्तातलं सोडियम उतरू शकतं, फुप्फुसात पाणी भरू शकतं. आमच्या सिस्टर भिंतीवरच्या फळ्यावर दर बाटलीला खडूने आकडा मांडतात आणि खणखणीत आवाजात वाचतात. गाठ थोडी उरली असेल आणि त्यांचा आकडा भरला असेल तर मी बाहेर येते. उरलेली पुन्हा कधीतरी काढता येते. ती बाई दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने भोकरदनला गेली. सोबतच्या जावेला ऑपरेशन झालं यावर विश्वासच बसेना, कारण पोटावर काही दिसत नव्हतं.

भिंतीतल्या मोठ्या गाठीचं काम वेगळं. तिथे दुर्बिणीतून गाठ तेवढी काढून गर्भाशय परत शिवायचं. गर्भाशयात रक्तवाहिन्या आकसवणारं व्हॅसोप्रेसिन टोचण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगायचं, कारण ते शिरेत गेलं तर नाडी आणि रक्तदाब खाली-वर होतो. टोचलं की काही क्षणांत लालसर गर्भाशय पांढरं पडतं. मग चीर. चीर गाठीपर्यंत पूर्ण गेली पाहिजे. भित्रेपणाने उथळ ठेवली तर खरा पदर सापडत नाही आणि रक्त वाहत राहतं. बरोबर पदर लागला की गाठ चमकते, स्क्रू रोवून ओढली की भोवतीचं आवरण सुटत येतं, आपोआप नव्हे, पण भांडतही नाही. बघणाऱ्यांना गाठ निघाली की ऑपरेशन संपल्यासारखं वाटतं. माझ्या लेखी ते तिथे सुरू होतं. त्या खड्ड्याला दोन-तीन थरांत, एकही पोकळ जागा न ठेवता, लांब दांड्याच्या सुईधारकाने शिवायचं. हल्ली काटेरी धागा मिळतो, तो गाठ न मारताही धरून राहतो. तरी सुई कुठल्या कोनातून आत जावी हे धागा ठरवत नाही.

गाठ काढा, गर्भाशय ठेवा, हा आग्रह ज्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धरला ते लंडनचे व्हिक्टर बॉनी. त्यांच्या पत्नीचं गर्भाशय फायब्रॉइडमुळे तरुणपणीच काढावं लागलं आणि त्यांना मूल झालं नाही. घरातलं ते दुःख त्यांच्या कामामागे होतं असं त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. बॉनींनी हे सारं पोट उघडून केलं, तेव्हा अशा कामाला दुर्बीण नव्हतीच. माझ्या व्याख्येत ते आजच्या पुष्कळ दुर्बीणवाल्यांपेक्षा कमी हस्तक्षेप करणारे शल्यविशारद होते.

काढलेली गाठ लहान छिद्रातून बाहेर आणायला ती बारीक करावी लागते. २०१४ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्यासाठीच्या विजेच्या यंत्राबद्दल, मॉर्सेलेटरबद्दल, इशारा दिला. साध्या फायब्रॉइडच्या समजुतीने ऑपरेशन झालेल्या बायकांपैकी ३५०मध्ये एकीची गाठ कर्करोगाची असू शकते आणि तिचे तुकडे पोटात पसरू शकतात, असा त्यांचा अंदाज होता. नंतरच्या काही आढाव्यांत हा धोका कमी दिसला, पण मी तेव्हापासून गाठ पिशवीत घालूनच कापते. वेळ जातो, जाऊ दे. आणि याच आकड्याचा उपयोग करून ‘कॅन्सर होईल’ म्हणत साध्या गाठीपायी सगळ्यांचं गर्भाशय काढायचं, हेही मला मान्य नाही.

काही बायकांना माझ्या हाताची गरजच नसते. पॅरिसचे जाक राविना ऑपरेशनआधी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून गर्भाशयाच्या धमन्या बंद करून घेत. त्यातल्या काही जणींचा त्रास एवढ्यानेच थांबला आणि त्यांनी ऑपरेशनच नको म्हटलं. हा अनुभव १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि एम्बोलायझेशन हा स्वतंत्र उपचार झाला. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन वाळूसारखे बारीक कण सोडतात, गाठीचं रक्त तुटतं, काही महिन्यांत ती निम्म्याच्या आसपास आक्रसते. पहिली रात्र मात्र कठीण, पोटात कळा येतात, आणि हे आधी न सांगता पाठवणं गैर आहे. मूल हवं असेल तर मी हा रस्ता सहसा सुचवत नाही. छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला जावं लागतं, आणि हे काम रेडिओलॉजिस्टचं. रुग्ण दुसऱ्याकडे जाईल या धास्तीने आमच्यातले बरेच जण त्याचं नावही काढत नाहीत. ध्वनिलहरींनी गाठ जाळायची हायफूची पद्धतही आहे, तिला त्याहून मोठं शहर आणि मोठा खिसा लागतो.

आणि पंचेचाळिशीपुढच्या, पोकळी फार वाकडी झालेली नसलेल्या बाईला हार्मोनची तांबी बसवून, लोह देऊन, पाळी जाण्याची वाट बघत राहणं हाही उपचारच. पाळी गेली की गाठी बहुधा आक्रसतात. यात मला पैसे सुटत नाहीत, हे उघड आहे.

गाठ काढून गर्भाशय शिवलेली तरुण मुलगी घरी जाते तेव्हा माझ्या कामातला सर्वांत जोखमीचा भाग धावड्याला जातो. ती वर्षा-दोन वर्षांत गरोदर राहील, माहेरी जाईल, आणि रात्री कळा आल्या तर जवळ असेल त्या दवाखान्यात नेतील. तिथल्या डॉक्टरला पोटावरची तीन पुसट छिद्रं दिसतील, आतला टाका दिसणार नाही. कळांच्या जोराने तो फाटू शकतो. म्हणून डिस्चार्ज कार्डाशिवाय एक वेगळा कागद मी देते, मराठीत, मोठ्या अक्षरांत: कुठल्या भिंतीवर किती लांब टाका आहे, तो पोकळीपर्यंत गेला होता का, कळांची वाट बघू नये, सिझेरियन आधीच ठरवावं. खाली माझा मोबाइल नंबर. तो कागद लॅमिनेट करून देते आणि नवऱ्याला नव्हे, तिच्या आईला समोर बसवून वाचून दाखवते. शिवाय बाळंतपणाला माहेर कुठलं, तेही विचारते, आणि तिथल्या आशाताईंच्या फोनवर त्या कागदाचा फोटो त्याच दिवशी पाठवते.