एका मोटारीचे दर-विश्लेषण

लोकनिर्माण विभागातील नोकरीत माझ्या टेबलावरून जे कागद गेले, त्यांत दर-विश्लेषणाचे तक्ते सर्वांत अधिक. एक घनमीटर काँक्रीटला किती मजूर, किती तास, किती सिमेंट, आणि वर ठेकेदाराचा वरखर्च व नफा किती. त्या तक्त्यांनी एक खोड लावली ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. किंमत कानी पडली की ती मी आधी तासांत मोडून पाहतो. मेथीच्या जुडीचेही मी दर-विश्लेषण करतो, अशी आमच्या सौभाग्यवतींची तक्रार असे.

त्या जाऊन आता तीन वर्षे झाली. त्यांची २००४ सालची गडद निळी झेन मात्र दारात उभी आहे. चिरंजीवांचे मत विकून टाकावी असे होते. पण २०२४ मध्ये मी तिच्या नोंदणीचे दुसऱ्यांदा पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले, आणि तो विषय मिटला. राहिला प्रश्न तिच्या रूपाचा. कडुनिंबाखालची धूळ, पाखरांची कृपा आणि बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग यांनी निळा रंग राखाडी झाला होता. हल्ली असे काम करणाऱ्यांना ‘डिटेलिंग’वाले म्हणतात. आमच्या इंदूरला २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळाला. त्या हवेत असली दुकाने वाढली तर नवल नाही. मी तीन ठिकाणी चौकशी केली.

पहिला म्हणाला, अठराशे रुपये, दोन तास. दुसऱ्याच्या काचबंद, वातानुकूलित दुकानात सिरॅमिक कोटिंगचे अठ्ठावीस हजार सांगण्यात आले; गाडी त्याच संध्याकाळी परत. तिसऱ्याची रस्त्याकडेची शेड, दोन गाड्यांपुरती. त्याने साडेसात हजार आणि दोन पूर्ण दिवस मागितले. माझ्या परिचयातील बहुतेकांनी या तिसऱ्याला लुबाडणारा ठरवले. लहान गाडी, जुनी गाडी, तिला दोन दिवस कशाला?

म्हणून तक्ताच मांडला. झेनच्या अंगाचे भाग मोजावेत: बोनेट, छत, चार दारे, पुढचे दोन फेंडर, मागच्या दोन बाजू, डिकीचे दार आणि दोन बंपर, एकूण तेरा. प्रत्येक भागावर कंपाउंडने यंत्र फिरवण्यास अर्धा तास आणि मऊ पॅडने शेवटचा हात देण्यास पाव तास धरला, तर पावणेदहा तास झाले. त्याआधी धुणे, आणि चिकटलेली लोहकण-डांबराची कणकण चिकणमातीसारख्या वडीने काढणे, यांना दोन तास; शेवटी पुसणे व मेण लावणे यास एक. म्हणजे जवळजवळ तेरा तास मुख्य कारागिराचे. तितकेच मदतनिसाचे, कारण आसने काढून धुणे आणि ती वाळवणे त्याच्याकडे. पहिल्याला तासाला एकशेवीस आणि दुसऱ्याला सदुसष्ट रुपये धरले, की मजुरी दोन हजार चारशे तीस. सामान चौदाशे. शेडचे भाडे व वीज, एका गाडीच्या जागेपुरते दोन दिवसांचे, पंधराशे चाळीस. केंद्रीय खात्याच्या पद्धतीने वर पंधरा टक्के, आणि अठरा टक्के जीएसटी. बेरीज सात हजार दोनशे नव्वदच्या आसपास आली. साडेसात हजार मागणारा माणूस दोनशे रुपयांनी काय लुबाडणार?

उलट अठराशेतले दोन तास पाहा. दोन तासांत तेरा भागांचे ओरखडे निघत नाहीत, ते झाकले जातात. तेलकट पॉलिश चरांत भरून राहते, उन्हात गाडी आरशासारखी दिसते, आणि चार धुण्यांत जुनी कोळिष्टके पुन्हा वर येतात. घाईच्या हाताचा आणखी धोका असा, की रंगावरचा पारदर्शक थर साधारण पस्तीस ते पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. कडांवर जोराने यंत्र दाबले, की तो कायमचा गेला. स्वस्तातला जो पैसा वाचतो, तो कुठून तरी काढला जातोच. एक तर या थरातून, नाहीतर त्या पोराच्या पगारातून.

काचबंद दुकानाबद्दल थोडक्यातच लिहितो. कोटिंग सुकायला रात्रभर गाडी आत ठेवावी लागते आणि पुढे आठवडाभर ती धुता येत नाही. त्याच संध्याकाळी परत देणाऱ्याने यातले काय वगळले ते त्याने सांगितले नाही. शिवाय ओरखडे न काढता कोटिंग केले, तर ओरखडेच काचेखाली जपल्यासारखे होतात. ‘नऊ एच’ काठिण्याचा फलक पाहून मात्र मला हसू आले. हे ‘एच’ पेन्सिलीचे! आमचे ड्राफ्ट्समन ज्या टू-एच, फोर-एच पेन्सिलींनी नकाशे काढीत, त्याच मोजपट्टीवरचे. हिऱ्या-माणकांच्या काठिण्याशी त्याचा संबंध नाही.

तिसऱ्याकडचा कारागीर विशी-बाविशीचा होता. त्याने दर सांगण्याआधी बॅटरी घेऊन गाडीभोवती फेरी मारली आणि लहानसे मापकयंत्र एकेका पत्र्यावर टेकवले. डाव्या पुढच्या फेंडरपाशी थांबून म्हणाला, “अंकल, ये फेंडर दुबारा पेंट हुआ है।” बाकीच्या पत्र्यावर आकडा शंभर-सव्वाशे मायक्रॉन, तिथे अडीचशेच्या वर. २००७ मध्ये फाटकाच्या खांबाला तो सौभाग्यवतींकडून घासला होता आणि आठ दिवस ही गोष्ट माझ्यापासून लपवली गेली होती. यंत्राने ती त्या मुलाला अर्ध्या मिनिटात सांगितली.

मग तो उजव्या पुढच्या दाराशी आला. कुलपाच्या छिद्राखाली बारीक ओरखड्यांची एक कमान आहे. किल्ली फिरवताना जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्या पत्र्यावर घासत. घराची, कपाटाची, देवघराच्या कपाटाची. वीस वर्षे, दिवसातून दोन-चार वेळा. तो म्हणाला, हे निघतील, त्याच पैशांत, तासभर जास्त लागेल.

मी नको म्हटले. त्याने कारण विचारले नाही. चिकटपट्टीचा चार बोटे रुंद चौकोन कापून त्याने तिथेच तो भाग झाकला आणि कामाच्या कागदावर लिहिले: उजवे पुढचे दार, कुलपाखालची जागा सोडून. मी खाली सही केली. दुसऱ्या दिवशी गाडी ठरल्या वेळेपेक्षा दीड तास उशिरा, सायंकाळी सातला मिळाली. आसनांची एक शिवण वाळायची होती, म्हणून.