हिमदंशाच्या प्रदेशातून

पत्र पहिले
लेह, जानेवारी



समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर वसलेल्या लेहमध्ये या दिवसांत रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते, नळांतील पाणी गोठते आणि घरातला सारा वावर बुखारी नावाच्या लोखंडी शेगडीभोवतीच्या एका खोलीत एकवटतो. अशा थंडीत मेंदू, हृदय, फुप्फुसे यांचे सुमारे 37 अंश सेल्सियस तापमान टिकवण्यास शरीर अग्रक्रम देते. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, उबदार रक्त आतल्या अवयवांकडे वळते आणि बोटे, नाक व कान यांच्या वाट्याला ते कमी येऊ लागते. आरंभी या आकसण्यात अधूनमधून खंड पडून वाहिन्या काही मिनिटे रुंदावतात व बोटांना थोडी ऊब मिळते. टॉमस लुइस या ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञांनी 1930 मध्ये वर्णिलेली ही नैसर्गिक सोय सबंध शरीरच गारठू लागले की मंदावते. त्यातच विरळ हवेत प्राणवायू अपुरा पडतो, कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी निघून गेल्याने रक्त दाट होते, घट्ट बूट रक्ताची वाट अडवतात आणि तंबाखू वाहिन्यांना आणखी आकसवते. मद्याची ऊब तर सर्वांत फसवी, कारण ते त्वचेतील वाहिन्या फुलवून आतली उष्णता बाहेर घालवते आणि सावध राहण्याची बुद्धीही मंद करते.

पत्र दुसरे
पनामिक, नुब्रा खोरे

खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा नदीच्या काठाने सियाचेन हिमनदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पनामिक हे गाव लागते. 1984 पासून त्या हिमनदीवर पहारा देणाऱ्या भारतीय जवानांपैकी शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने आणि दुर्गम भूभागाने अधिक जणांचे बळी घेतले आहेत, म्हणून हिमदंशाचा विचार या खोऱ्यात टाळताच येत नाही.

हिमदंश म्हणजे शरीराचा जिवंत भाग प्रत्यक्ष गोठणे. शरीरातील पाणी क्षारयुक्त असल्याने ते शून्याच्या किंचित खाली गोठते आणि बर्फाचे स्फटिक बहुधा प्रथम पेशींच्या बाहेरच्या द्रवात तयार होतात. बर्फात क्षार सामावत नसल्याने उरलेला द्रव अधिकाधिक खारट होतो, तो पेशींतील पाणी ओढून घेतो, आणि पेशी आकसून त्यांची आवरणे दुखावतात. त्वचा पांढुरकी, मेणासारखी व कडक होते आणि ठणका थांबतो. हे दुखणे थांबणेच सर्वांत घातक ठरते, कारण बधिरपणाला आराम समजून माणूस चालत राहतो.

दुसरा घाव बर्फ वितळताना बसतो. रक्त परतते, पण वाहिन्यांचे आतले अस्तर जखमी झालेले असल्याने द्रव झिरपून सूज व फोड येतात, दाह वाढतो आणि गुठळ्या जमून काही तासांत रक्ताची वाट पुन्हा बंद होते. फोडांतील पाणी स्वच्छ असेल आणि ते बोटाच्या टोकापर्यंत आले असतील, तर इजा उथळ असण्याची आशा असते. फोड रक्ताळलेले असतील, तर ती खोल गेलेली असते.

नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दॉमिनिक ज्याँ लारे यांनी 1812 च्या रशियातील माघारीत शेकोटीवर शेकलेले अवयव सडताना पाहिले आणि त्याऐवजी बर्फ चोळण्याचा सल्ला दिला. आगीविषयीचे त्यांचे निरीक्षण अचूक होते, पण बर्फ चोळण्याने इजा वाढते हे मान्य व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. पनामिकच्या गरम झऱ्यांचा मोहही टाळला पाहिजे, कारण शेकोटीप्रमाणेच त्या पाण्याचा चटकाही बधिर पायाला कळत नाही.

पत्र तिसरे
चिलिंग, झांस्कर नदीकाठ

हिवाळ्यात गोठलेल्या झांस्कर नदीला चादर म्हणतात, आणि मुंबई-पुण्याहूनही तरुण मंडळी तिच्यावरून चालण्यासाठी इकडे येतात. बर्फाचा थर फुटून बूट भिजणे हा येथील खरा धोका आहे, कारण पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेते. म्हणून कोरड्या मोज्यांचा जोड जवळ असणे आणि तो तत्काळ बदलणे यावर पाय वाचणे अवलंबून असते.

तरीही हिमदंश झालाच, तर गोठलेला भाग 37 ते 39 अंशांच्या पाण्यात, त्वचा मऊ व लालसर होईपर्यंत, साधारण अर्धा तास बुडवून ठेवावा. वेदना तीव्र असतात, त्यासाठी वेदनाशामक औषध द्यावे. मात्र वितळलेला भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर तो मुद्दाम वितळवूच नये, कारण दुसऱ्यांदा गोठल्याने होणारी हानी पहिलीपेक्षा कितीतरी मोठी असते. गंभीर हिमदंशात गुठळ्या विरघळवणारी औषधे पहिल्या 24 तासांत उपयोगी पडतात, आणि वाहिन्या रुंदावणाऱ्या इलोप्रोस्ट या औषधाला अमेरिकेत 2024 मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली आहे. काळ्या पडलेल्या बोटांत जिवंत व मृत भागांची सीमा स्पष्ट व्हायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात, म्हणून जंतुसंसर्ग नसेल तर शस्त्रक्रियेची घाई केली जात नाही.

चादरीवर येऊ इच्छिणाऱ्या घरच्या तरुणांना एवढेच कळकळीचे सांगणे आहे की, बोटे दुखत असेपर्यंत ती जिवंत असल्याची खूण मिळत असते; ती दुखेनाशी झाली, तर पुढचा टप्पा, छायाचित्र आणि सोबत्यांचा आग्रह बाजूला ठेवून तेथेच थांबावे.