पहिली वाफ आपली

घरात एकटं असलं की "एकट्यासाठी कुठं करत बसायचं?" हा प्रश्न आपण उत्तर ठरवूनच विचारतो. मग चहा-खारीवर नाहीतर डब्यातल्या चिवड्यावर रात्र निभते. वास्तविक आपल्याकडचे काही पदार्थ पंगतीला मानवतच नाहीत. चार माणसं गोळा होईपर्यंत थांबायचा त्यांचा स्वभाव नाही. ताकातली उकड त्यांतली पहिली.

अर्धी वाटी तांदळाची पिठी सव्वा वाटी आंबट ताकात मीठ घालून कालवायची, गुठळी राहू द्यायची नाही. लहान कढईत तेल जरा सढळ हातानं घ्यायचं. मोहरी तडतडली की हिंग, हळद, मिरची, कढीलिंब आणि ठेचलेला लसूण. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की कालवलेलं ताक ओतून ढवळत राहायचं. बघता बघता ते पिवळं पातळ घट्ट होऊन कालथ्याभोवती गोळा व्हायला लागतं. आच मंद करून, झाकण ठेवून दोन वाफा आणल्या की पिठाचा कच्चा वास जातो. वर कच्च्या तेलाची धार. तळाला धरलेली खरवड खरवडून खायची आणि तिच्यात वाटेकरी कुणी नाही. हीच उकड अर्ध्या तासानं थिजते आणि तिची चव जाते.

अशा स्वयंपाकाला आपलं वाटीचं माप फार सोयीचं. 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं वाटी-चमच्याच्या भाषेत कितीतरी नवशिक्यांना रांधायला शिकवलं. या मापाची गंमत अशी, की वाटी लहान घेतली तरी प्रमाण बिघडत नाही. एकट्यानं आमटीची वाटी ठेवून लोणच्याची वाटी घ्यायची, एवढंच.

याहून कंटाळा असेल तर मेतकूट-भात. मूठभर आंबेमोहोर, जास्त पाणी, आसट भात, वर तूप, मीठ आणि चमचाभर मेतकूट. सोबत गॅसवर भाजलेला पोह्याचा पापड. यात आपण केलं काय, तर भात लावला. डाळी, तांदूळ, गहू वेगवेगळे भाजणं, सुंठ-हिंग-हळद घालून दळणं, ही खटपट कुणीतरी आधीच करून बरणीत भरून ठेवलेली असते. थालीपिठाच्या भाजणीचंही तसंच. आयत्या वेळच्या जेवणातले कष्ट असे आगाऊ भरलेले असतात.

ते भरणाऱ्या बायकांना मात्र गरम जेवण क्वचितच मिळालं. आमच्या घरात पिठलं कढईतून थेट आमच्या पानांत यायचं. आई बसायची तेव्हा तिच्या वाटणीच्या पिठल्यावर साय धरलेली असायची आणि भाकरी वातड झालेली. आग्रह केला तर म्हणायची, "तुमचं होऊ द्या आधी." रांधणारी आणि जेवणारी एकच असली, की हा 'आधी' आपसूक तिच्याकडे येतो. एकटीच्या जेवणाची मला वाटणारी चैन ती हीच. सोय आणि वेळेची बचत त्यानंतर.

म्हणून पिठलं रटरटायला लागायच्या आत पान मांडून घ्यावं, कांदा फोडून ठेवावा आणि बसावं. फोन वाजला तर वाजू द्यावा. ज्याला काम असेल तो पुन्हा करतो.