अंगठ्याखालचे चाक

आपल्याकडे गळ टाकून मासे धरणे हा एक तर पोटाचा उद्योग, नाही तर रिकामटेकडेपणाचे लक्षण. इंग्लंडात हा तिसराच प्रकार आहे. तिथे माणसे रीतसर परवाना काढतात, नदीकाठच्या क्लबाला दिवसाचे पैसे भरतात, पहाटेपासून चिखलात उभी राहतात आणि मासा लागला की त्याला अलगद पाण्यात सोडून देतात! "खायचा नाही तर धरायचा कशाला?" हा आईचा प्रश्न मी मामांना विचारला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पतंग तरी कुठे खातोस?" मी येवल्याचा. पुढे बोलणेच खुंटले.

मामाही मूळचे येवल्याचेच. विणकराच्या घरातले. नॉटिंगहॅमला ते होजिअरीच्या गिरणीत लागले, गिरणी बंद पडली, पुढे दुसऱ्या नोकऱ्या झाल्या, आणि या सगळ्यात टिकून राहिली ती एक नदी. दर रविवारी ते डर्वेंट नदीवर जात. ही डर्बीशायरमधून वाहत येऊन ट्रेंटला मिळते. पाणी फार खोल नाही, पण वाहते. गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे होतो तेव्हा मात्र काठी कोपऱ्यात उभी होती. मधुमेहाने त्यांच्या बोटांची टोके बधिर झाली होती. नायलॉनचे तंगूस बोटाला कापून जाई आणि रक्त दिसेपर्यंत त्यांना पत्ता नसे. जखम भरायला महिना लागे. मामी म्हणाल्या, "आता पुरे झाली ती नदी." मामा काही बोलले नाहीत, आणि तेच मला बरे वाटले नाही.

अडचण सगळी रिळाची होती. आजकाल बहुतेकांच्या काठीला असते ते रीळ फेकताना फिरत नाही. स्थिर राहते, आणि तंगूस त्याच्या टोकावरून वेटोळी सोडत निघते. मालेगावच्या यंत्रमागावर धोट्यातल्या कांडीवरचा धागा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थाने १९०५ साली अशा रिळाचे पेटंट घेतले, आणि ही कल्पना त्याला गिरणीतल्या बॉबीनवरून सुचली असे सांगतात. साधन सोयीचे खरे. पण फेकताना तंगूस तर्जनीच्या टोकावर धरून नेमक्या क्षणी सोडावे लागते. मामांचे नेमके तेच टोक गेले होते.

दुसरी जात जुनी. तिला सेंटरपिन म्हणतात, आणि तिचे माहेर नॉटिंगहॅमच. पूर्वी ती लाकडी असे; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेडिच गावच्या ऑलकॉक कंपनीचे आऱ्यांचे हलके 'एरियल' रीळ आले आणि जाणकारांनी ते डोक्यावर घेतले. रचना म्हणाल तर आपली आसारी! भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आमच्या गच्च्यांवर जी फिरते तीच. मधोमध एक आस, तिच्यावर मोकळे चाक, चाकावर दोरा. दातेरी चाकांची भानगड नाही. पतंगाने मांजा ओढला की आसारी फिरते, तसा पाण्याने फ्लोट ओढला की रीळ फिरते. फ्लोट म्हणजे गळाच्या वर तरंगणारा तो तुकडा. आपल्याकडे चिपाडाचा बांधतात. प्रवाह त्याला आपल्या गतीने खाली नेतो, तंगूस चाकावरून सरळ सुटत राहते, आणि चाकाच्या काठावर अंगठा टेकवला की फ्लोट थबकतो व खालचे आमिष त्याच्या पुढे तरंगत वर उचलले जाते. मासा बहुधा त्याच क्षणी फसतो.

म्हणजे पुन्हा स्पर्शाचाच खेळ! बधिर बोटांच्या माणसाला हे रीळ द्यावे की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. मग ध्यानात आले की इथे बोटाचे टोक लागत नाही. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल भाग असतो तो काठावर टेकवला तरी चालते, आणि तो मामांचा शाबूत होता. शिवाय चाक डोळ्यांना फिरताना दिसते.

जुन्या वस्तूंच्या एका दुकानात आम्ही तीन रिळे समोर मांडून घेतली. दुकानदाराने पहिले हातात घेतले आणि टिचकी मारली. ते फिरायला लागले ते थांबेचना! मिनिटभर फिरले, दीड मिनिट फिरले. दुकानदार अभिमानाने आमच्याकडे पाहत होता. गिऱ्हाईक इथेच भुलते. जड चाक एकदा फिरले की फिरतच राहते, यात नवल ते काय? दळणाचे जातेही फिरते. नदीवर तुम्हाला टिचकी कोण मारणार? तिथे ओढ असते ती दोन-तीन ग्रॅमच्या फ्लोटची. प्रश्न किती वेळ फिरते हा नसून किती कमी ओढीने हलते हा आहे. जड चाक उशिरा हलते, तोवर फ्लोट अडून तिरका होतो. आणि फ्लोट मंदावला तरी चाक आपल्या नादात फिरत राहून तंगुसाचा गुंता करते. आसारीचा गुंता सोडवण्यात ज्याची संक्रांत गेली आहे त्याला हे कुणी शिकवायला नको.

मामांनी खिशातून छर्ऱ्यांची डबी काढली. हे छर्रे शिशाचे नसतात. राजहंसांच्या पोटात शिसे जाऊन ते मरत, म्हणून १९८७ पासून तिथे शिशाची लहान वजने विकायला बंदी आहे. तंगुसाला एकेक छर्रा लावून त्यांनी पाहिले. दीड मिनिटवाल्याला हलायलाच पाच लागले, तेही आढेवेढे घेत. दुसरे आऱ्यांचे, देखणे, संग्राहकांच्या किमतीचे; पण आस झिजलेली, चाक डुगडुगत होते. तिसरे दिसायला अगदीच गरीब. साडेचार इंची, हलके, चाकाला वजन कमी करायला भोके पाडलेली, बेअरिंग नाही, पण काठ चांगला रुंद आणि बाहेर आलेला. दोन छर्ऱ्यांवर निघाले. मामांनी हाताची कड टेकवली, थांबले. उचलली, निघाले. असे दहा-बारा वेळा केले. दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

या रिळाचा एक तोटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. गुंडाळायला वेळ लागतो. साडेचार इंच व्यास म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम छत्तीस सेंटिमीटर तंगूस आत. वीस मीटर परत आणायचे तर छप्पन्न फेरे. लांब फेकणेही अवघड, आणि वारा असला की विचारूच नका. घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

नद्यांवर १५ मार्च ते १५ जून ही मासेमारी बंद असते. १६ जूनला सकाळी आम्ही डर्वेंटवर होतो. मामी थर्मास घेऊन मागे बसल्या होत्या, मुख्यत्वे मामांच्या बोटांवर लक्ष ठेवायला. फ्लोट निघाला. चाक इतके हळू फिरत होते की भोके मोजता आली असती. वळणाच्या आधी मामांनी हात टेकवला, फ्लोट थबकला आणि दिसेनासा झाला.

डेस नावाचा चंदेरी मासा, वीतभरही नव्हता. मामांनी ओल्या हाताने गळ सोडवून त्याला पाण्यात सोडले. मामींनी त्यांचा हात ओढून दहाही बोटे उलटसुलट पाहिली.

"छप्पन्न नाहीत," मामा मला म्हणाले, "एकसष्ट फेरे झाले. तेलाची बाटली दे इकडे."