चार रेघा

लोधीखेड्यातल्या एका जुन्या माडीच्या घरी खिडक्यांचं काम निघालं. घरच्या आजी म्हणाल्या, “मिस्त्री, काढूनच टाका ना जी. लोखंडाच्या लावून द्या.” मी पल्ल्यात पटाशीचं टोक टोचून पाहिलं. वरचं सगळं लाकूड टणक, खालची चार बोटंच भुसभुशीत. “आजी, चार बोटांसाठी अख्खं सागवान फेकायचं?” म्हटलं, आणि पल्ला बिजागरीवरून उतरवला.

खिडकी खालूनच जाते. पावसाचं पाणी पल्ल्यावरून उतरतं आणि खालच्या आडव्या पट्टीच्या सांध्यात थांबतं. त्यावर दर दोन-चार दिवाळ्यांनी ऑइल पेंटचा हात. रंगाला बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं, मग त्याला बाहेर यायला वाट नसते. विलायतेतल्या अनेक जुन्या घरांतल्या खिडक्या दोरी आणि वजनावर वर-खाली सरकतात. तिथेही आधी कुजते ती खालचीच पट्टी. इकडे सरकती खिडकी मी फक्त नॅरोगेज रेल्वेच्या छोट्या गाडीच्या डब्यात पाहिली. २०१५ साली ती गाडी बंद झाली.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून मी लाकूड ओलं ठेवून, मास्क बांधून खरवडतो आणि लेकरांना अंगणाबाहेर पाठवतो. पाच थर उतरल्यावर सांध्यावर लाकडाची खुंटी दिसली. खिळा नाही, सरस नाही. साल म्हणजे खाच, कूस म्हणजे तिच्यात बसणारी जीभ, आणि आरपार खुंटी. मागून हलकेच ठोकली की पल्ला सुटा. ज्यानं तो केला, त्यानं पुढे कधीतरी उघडणाऱ्या माणसाचा विचार केला होता. मी मात्र कितीतरी वर्षं सांधे गोंदानं असे बुजवले, की पुढच्याला करवतच लावावी लागेल. त्याची मला खंत आहे.

श्रावणात पल्ला अडला की लोक रंधा मारायला सांगतात. मी थांबवतो. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. कार्तिकापर्यंत ते सुकून आपल्या जागी येतं. श्रावणात रंधलेल्या पल्ल्यातून मात्र थंडीचा वारा शिरतो.

कुजलेलं कापलं. एका मोडक्या दाराच्या सागाचा गाभा घेतला, कारण उधई आधी कडेचं पांढरं लाकूड खाते. सांधा तिरका ठेवला, बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे पाणी थांबणार नाही. काचांना खडूची भुकटी आणि जवसाच्या तेलाची लांबी, म्हणजे पुट्टी, लावली. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना तापतं. त्यात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. मी चिंध्या दोरीवर सुट्या वाळवतो.

पल्ला जुळवताना कुशींवर पटाशीच्या रेघा दिसल्या. एका कोपऱ्याला एक, मग दोन, मग तीन. ज्या कोपऱ्याची कूस त्याच्याच सालीत जावी म्हणून. चौथ्या कोपऱ्याची कूस कुजलेल्या तुकड्याबरोबर गेली होती. खुंटी ठोकण्याआधी मी नव्या कुशीवर चार रेघा मारल्या.