एका जलाशयाचे तीन ऋतू

स्प्रिंगफिल्ड सोडून दक्षिणेकडे निघालं की मिझुरी राज्यातला ६५ क्रमांकाचा हमरस्ता ओझार्कच्या टेकड्यांत शिरतो. एप्रिलमध्ये या टेकड्या अजून करड्याच असतात, ओकला नुकती कुठे पालवी फुटत असते. त्या करड्या रंगात आधी रेडबडची गुलाबी-जांभळी फुलं दिसू लागतात आणि त्यांच्या मागोमाग डॉगवुडची पांढरी. आपल्याकडे पावशा ओरडू लागला की शेतकरी आभाळाकडे बघतो; इथला गळवाला डॉगवुड फुलला की बोटीची बॅटरी चार्जिंगला लावतो. रेडबड फुलला म्हणजे बास मासा खोल पाण्यातून काठाकडे निघाला आणि डॉगवुड फुलला म्हणजे विणीची वेळ आली, असा इथला ठोकताळा आहे. तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो, कारण झाडं आणि मासे दोघंही त्याच उबेवर चालतात.

सेंट लुइसला नातेवाइकांकडे आलो असताना मी या वाटेला लागलो, तो टेबल रॉक जलाशय बघायला. पण बास पकडायला निघालेला माणूस आधी स्प्रिंगफिल्डलाच अडकतो. १९७२ साली जॉनी मॉरिस नावाच्या तरुणाने इथे वडिलांच्या दारूच्या दुकानात, मागच्या बाजूला जेमतेम आठ चौरस फुटांच्या जागेत, मासेमारीचं सामान मांडलं. दोन वर्षांनी त्याने टपालाने माल मागवण्यासाठी कॅटलॉग काढला. त्यातून उभं राहिलेलं ‘बास प्रो शॉप्स’ आज अमेरिकाभर पसरलंय, आणि स्प्रिंगफिल्डचं मुख्य दुकान म्हणजे छोटं गावच आहे. शेजारी मत्स्यालय आणि वन्यजीव संग्रहालय. लोक मुलाबाळांसह सहलीला येतात आणि जाताना पिशव्या भरून नेतात.

नकली आमिषांच्या, म्हणजे लूरच्या, भिंतीसमोर नवखा माणूस गांगरतो. एकाच आकाराचं प्लॅस्टिकचं गांडूळ तीस-चाळीस रंगांत. हिरवट भोपळी, कलिंगडी, जांभळ्यावर निळी चमक. या गांडुळाचा जन्म १९४९ सालचा, ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीमने घरात साच्यांत ओतून ते बनवलं. त्याआधीची आमिषं लाकडाची. मिशिगनमध्ये जेम्स हेडनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोरलेला लाकडी बेडूक आजही संग्राहकांना वेड लावतो. भिंतीसमोर उभ्या माणसाला मात्र १९३२ सालची जॉर्जियातली एक गोष्ट कोणीतरी सांगायला हवी. २ जून रोजी जॉर्ज पेरी नावाच्या शेतकरी तरुणाने मॉन्टगोमेरी लेकमध्ये २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा, लार्जमाउथ बास पकडला. त्या दिवशी त्याच्याकडे आणि सोबत्याकडे मिळून एकच लूर होतं, असं सांगतात. पुढे २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्या वजनाची बरोबरी केली. पेरीचा विक्रम स्पष्टपणे मागे टाकणारा मासा अजून कोणाच्या गळाला लागलेला नाही.

दुकानदार हे सांगत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

टेबल रॉक हे व्हाइट नदीवरचं धरण अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९५८ साली पूर्ण केलं. या नदीवर जलाशयांची माळच आहे: वर आर्कान्सामध्ये बीव्हर, मग टेबल रॉक, त्याखाली जुना आणि लांबट टेनीकोमो, त्याच्याही खाली बुल शोल्स. धरणामागचं पाणी चुनखडीच्या दऱ्यांत बोटांसारखं शिरलेलं आहे. बुडालेल्या सीडर झाडांचे सांगाडे अजून पाण्याखाली उभे आहेत आणि बास त्यांच्याच आडोशाला राहतो. तीन जातींचे बास इथे मिळतात: लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड. स्पॉटेडला इथले लोक ‘केंटकी’ म्हणतात.

बोटीच्या गाइडने धरणाजवळच्या स्टेट पार्कमधून बोट पाण्यात सोडली आणि आधी बोट दाखवलं ते सोनार यंत्राच्या पडद्यावर, कोपऱ्यात दिसणाऱ्या पाण्याच्या तापमानाच्या आकड्याकडे. ५१. फॅरनहाइटमध्ये. म्हणजे साडेदहा सेल्सियस. त्या दिवशी त्याने रंगाविषयी क्वचितच तोंड उघडलं. आकडा मात्र सारखा बघत होता. मासा थंड रक्ताचा. पाणी थंड असलं की त्याच्या शरीराचा कारभार मंद चालतो, पचन सावकाश होतं, आणि वेगाने पळणाऱ्या भक्ष्यामागे धावणं त्याला परवडत नाही. म्हणून आमिष किती वेगाने ओढायचं आणि किती खोल चालवायचं, हे आधी ठरतं. रंगाचा नंबर त्यानंतर.

धरणाजवळचं पाणी इतकं नितळ की दहा-बारा फूट खालचा दगड दिसावा. खोल असल्यामुळे ते उशिरा तापतं. इथे गाइडने काढला जर्कबेट: बोटभर लांबीचा, सडपातळ, चंदेरी मासा. जपानच्या ‘मेगाबास’ कंपनीचा ‘व्हिजन वन-टेन’ हा यातला गाजलेला नमुना. हा ना तरंगतो, ना बुडतो. ओढ थांबवली की मध्येच लटकून राहतो. दोन हिसके द्यायचे आणि थांबायचं. पाच, सात, कधी दहा आकडे मोजायचे. थंडीने गारठलेला शॅड मासा (शॅड म्हणजे आपल्या तारलीच्या भाऊबंदांपैकी) असाच मरगळून लटकतो, आणि बासला तो फुकटचा घास वाटतो.

यातली गंमत भौतिकशास्त्राची आहे. थंड पाणी जास्त घन असतं, त्यामुळे उबदार पाण्यात नेमका लटकणारा जर्कबेट थंडीत हळूहळू वर येऊ लागतो. मग गळवाले त्याच्या पोटाला चिकटणाऱ्या शिशाच्या बारीक टिकल्या लावतात. गाइडने बोटीशेजारीच आमिष पाण्यात सोडून बघितलं, एक टिकली लावली, पुन्हा बघितलं. सोनार दागिना तोलतो तसा त्याचा तो तोल चालला होता.

तिथे एक केंटकी मिळाला, छोटा. परत सोडला.

मग बोट किंबरलिंग सिटीकडे निघाली. बासच्या बोटी बसक्या, चकचकीत रंगाच्या आणि भन्नाट वेग घेणाऱ्या असतात. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं. मधल्या भागात पडद्यावरचा आकडा पंचावन्नच्या पुढे सरकला, म्हणजे सुमारे तेरा सेल्सियस. उन्हं बसलेल्या उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर, जिथे गोटे आणि खडी पाण्यात उतरते, तिथे तो आणखी थोडा वर. दगड उन्हाने तापतात आणि शेजारचं पाणी तापवतात. तिथे क्रॉफिश, म्हणजे नांग्या असलेला गोड्या पाण्यातला झिंगा, दगडाखालून बाहेर पडतो. बास आता काठाकडे निघालेला असतो, विणीआधी खाऊन घ्यायचं असतं, आणि क्रॉफिश त्याला सापडतो.

इथल्या लोकांची या दिवसांची श्रद्धा एका गुबगुबीत प्लॅस्टिकच्या आमिषावर आहे: ‘विगल वॉर्ट’. ओक्लाहोमातल्या स्टॉर्म कंपनीने ते बनवलं; १९९९ मध्ये फिनलंडच्या ‘रापाला’ने ती कंपनी घेतली. जुन्या साच्यातले वॉर्ट दगडावर आपटत चालताना ज्या बेभरवशाने इकडेतिकडे झोकांड्या खातात, तसे नवे खात नाहीत, असं टेबल रॉकवाल्यांचं ठाम मत. त्यामुळे जुन्या वॉर्टना चढ्या किमती मिळतात, लोक ते अडगळीच्या विक्रीत शोधत फिरतात. मला यात निम्मा भाग भक्तीचा वाटला. पण गाइडच्या डब्यात वेगळ्या कप्प्यात ठेवलेले, दात लागून रंग उडालेले चार तपकिरी वॉर्ट होते आणि त्यांतल्या एकाला त्याने मला हातही लावू दिला नाही.

वॉर्टसाठी रॉड वेगळा. काचतंतूंचं मिश्रण असलेला, मऊ वाकणारा. कारण या आमिषाला तिहेरी गळ असतात आणि कडक रॉडने झटका दिला तर माशाच्या तोंडातून ते फाटून निघतात. रीलही सावकाश ओढणारी हवी. हँडलच्या एका फेरीला स्पूलच्या पाच फेऱ्या देणारी चालते. सात-आठ फेऱ्यांची रील माणसाला नकळत घाई करायला लावते. दोरी फ्लुरोकार्बनची. ही पाण्यात बुडते आणि आमिष खोल जायला मदत होते. पृष्ठभागावरच्या आमिषांना हीच दोरी त्रास देते, कारण ती त्यांचं नाक खाली ओढते. तिथे साधी नायलॉन किंवा तरंगणारी विणलेली दोरी हवी.

दुपारी वारा पडला, आकाश स्वच्छ झालं आणि वॉर्टला कोणी विचारेना. नितळ पाण्यात शांत दुपारी असंच होतं. तेव्हा डब्यातून निघाला ‘नेड रिग’: अळंबीच्या टोपीसारख्या शिशाच्या बारक्या डोक्याला अडकवलेला अडीच-तीन इंचांचा मऊ तुकडा. दिसायला इतका क्षुल्लक की दुकानात नजर त्यावर थांबायची नाही. हे नाव कॅन्ससच्या नेड केडी यांच्यावरून पडलं. त्यांनी आयुष्यभर मध्यपश्चिमेतल्या हलक्या सामानाच्या मासेमारीवर लिहिलं. तरंगणाऱ्या मऊ प्लॅस्टिकचा तुकडा तळाशी डोकं टेकून शेपूट वर करून उभा राहतो, नांग्या उगारून बसलेल्या क्रॉफिशसारखा. यात करायचं काहीच नसतं, आणि मासेमारीतली सगळ्यात अवघड गोष्ट तीच. मी सारखा हलवत होतो. गाइड म्हणाला, “सोड. त्याला विचार करू दे.” इथे दोन चांगले स्मॉलमाउथ मिळाले. कांस्यरंगी, डोळ्यात लाल ठिपका, आणि आकाराच्या मानाने फारच भांडखोर.

दिवस कलता कलता बोट जेम्स नदीच्या फाट्यात शिरली आणि ऋतू बदलला. जेम्स नदी स्प्रिंगफिल्डच्या बाजूने येते, शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीही तिच्याकडेच येतं, आणि पावसाने गाळही. पाणी हिरवट, गढूळसर. गढूळ पाणी ऊन शोषतं, त्यामुळे तापायला आधी. पडद्यावर बासष्ट, म्हणजे जवळजवळ सतरा सेल्सियस. सकाळी धरणाजवळ मार्च होता, दुपारी एप्रिल, आणि इथे मे येऊन बसलेला.

या तापमानाला बास वीण घालू लागतो. नर उथळ पाण्यात शेपटीने गाळ झाडून खडीचं गोल घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करतो, पिल्लं बाहेर पडल्यावरही काही दिवस. राखणीवरचा नर समोर आलेल्या कशावरही हल्ला करतो, त्यामुळे त्याला पकडणं सोपं. इथे बासवाल्यांत जुना वाद आहे. नर उचलला की काही मिनिटांतच ब्लूगिल मासे अंड्यांवर तुटून पडतात. मिझुरीत जलाशयांवर बंदीचा हंगाम नाही, पण मिझुरी नदीच्या दक्षिणेकडच्या बहुतेक ओढ्या-नद्यांत मेच्या चौथ्या शनिवारपर्यंत बास ठेवून घेता येत नाही. जलाशयात मात्र ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेलं आहे. आमच्या गाइडने घरट्यांच्या पांढऱ्या वर्तुळांवर दोरी टाकली नाही आणि मला ते बरं वाटलं.

त्याने घरट्यांबाहेरच्या लाकडांवर स्पिनरबेट फेकला, दोन फिरत्या पात्यांचा. गढूळ पाण्यात माशाला दिसतं कमी, पण शरीराच्या बाजूच्या रेषेने कंपन कळतं. पाती तेच काम करतात. रंग पांढरा-पिवळट, दिसेल असा. इथे पहिल्यांदा वेग वाढला, आणि इथेच दिवसातला सगळ्यात वजनदार लार्जमाउथ आला.

परतताना गाइडने पुढच्या महिन्याचं सांगितलं. पाणी एकवीस-बावीस सेल्सियसला पोचलं की शॅड काठाला वीण घालतो, आणि पहाटे पाण्यावर शेपटीचा भोवरा फिरवत खळखळाट करणारी ‘व्हॉपर प्लॉपर’सारखी आमिषं चालतात. भर उन्हाळ्यात जलाशय थरांत विभागतो, बास खोल झाडांच्या शेंड्यांशी जातो आणि बारीक शिसं लावलेलं ड्रॉपशॉट लागतं. २०१८ पासून आलेल्या ‘लाइव्हस्कोप’सारख्या सोनारने तर मासा आमिषाकडे वळताना पडद्यावर दिसतो. गाइडच्या बोटीवर ते होतं. त्या दिवशी त्याने ते बंदच ठेवलं होतं.

दुसऱ्या सकाळी मी धरणाच्या खाली टेनीकोमोला गेलो. धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी उन्हाळ्यातही नऊ-दहा सेल्सियसच्या आसपास असतं, त्यामुळे तिथे बासऐवजी ट्राउट. शेजारच्या शेफर्ड ऑफ द हिल्स मत्स्यबीज केंद्रातून ते सोडतात. भिंतीच्या वर एक मासा, खाली दुसरा. हेच गणित आपल्याकडे मरळीच्या मागे रबरी बेडूक फेकणाऱ्या मंडळींनाही कळेल, फक्त त्यांचं कॅलेंडर वेगळं.

कोणाला या वाटेने जायचं असेल तर एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा पहिला आठवडा गाठा. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या पाहुण्याला राज्याचा परवाना लागतो. एका दिवसाचाही मिळतो. टेबल रॉकवर पंधरा इंचांखालचा लार्जमाउथ परत सोडावा लागतो. स्प्रिंगफिल्डच्या भिंतीवरून एक जर्कबेट, एक तपकिरी वॉर्ट, नेड रिगचं एक पाकीट आणि एक पांढरा स्पिनरबेट एवढंच घ्या, आणि उरलेल्या पैशात गाइडला अर्धा दिवस जास्त ठरवा.