कारळ्याचे दाणे आणि परदेशातील गोल्डफिंच

हिवाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला राहून आलेल्या ज्येष्ठांकडून एक गोष्ट वारंवार ऐकू येते. डिसेंबरात सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारी चारलाच दिवेलागण होते. मधल्या वेळात मुले कामावर व नातवंडे शाळेत असतात. घर उबदार असते, कपाटे भरलेली असतात, पण बोलायला कोणी नसते. प्रवासाला निघण्यापूर्वी औषधांची यादी घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांना मी म्हणूनच आणखी एक गोष्ट सुचवितो. तेथे गेल्यावर मागच्या बागेकडील खिडकीपाशी एक खुर्ची ठेवावी आणि गोल्डफिंचची ओळख करून घ्यावी.

त्या देशात अनेक घरांच्या बागेत पक्ष्यांसाठी एक उभी, पारदर्शक नळी टांगलेली असते. तिच्यात काळेभोर, बारीक, चकचकीत दाणे असतात. जवळ जाऊन पाहिलेत तर हसू येईल, कारण ते आपलेच कारळे असतात. काही भागांत त्यांनाच खुरासणी म्हणतात. पावसाळा संपताना सह्याद्रीच्या उतारांवर ज्याची पिवळी शेते फुलतात आणि ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच हे धान्य. भारत आणि इथिओपिया येथून ते परदेशी जाते आणि ‘नायजर’ या नावाने पक्ष्यांचे खाद्य म्हणून विकले जाते. गोल्डफिंचला ते आवडण्याचे कारणही सरळ आहे. त्याचे मूळ अन्न म्हणजे थिसल नावाच्या काटेरी झाडाचे बी. थिसल, सूर्यफूल आणि कारळे ही तिन्ही एकाच कुळातील. अणकुचीदार चोचीने काट्यांमधून बी काढणाऱ्या या पक्ष्याला कारळ्याचा दाणा सहज उचलता येतो.

पक्षी चिमणीहून लहान, जेमतेम 12 सेंटिमीटर लांबीचा. चेहरा लालभडक, डोक्यावर काळे-पांढरे पट्टे आणि पंखांवर सोनेरी पिवळी पट्टी. नर आणि मादी जवळजवळ सारखेच दिसतात. त्यांचे थवे असतात आणि आवाज बारीक घुंगरांसारखा असतो. त्यांच्या सोबतीने कधी पिवळसर, रेघारेघांचा सिस्किन येतो, तर कधी जाड चोचीचा ग्रीनफिंच. अमेरिकेतील गोल्डफिंच मात्र वेगळा. त्याचा चेहरा लाल नसतो. हिवाळ्यात मळकट दिसणारा नर वसंतात पिसे बदलून हळदीसारखा पिवळा होतो. आपल्या देशातही या कुळातील एक पक्षी आहे. काश्मीर, हिमाचल व उत्तराखंडाच्या डोंगरांत राखाडी डोक्याचा, लाल चेहऱ्याचा गोल्डफिंच आढळतो.

साखळीतून बागेत

आज मोकळा येणारा हा पक्षी युरोपात काही शतके पिंजऱ्यातच अधिक दिसे. नेदरलँड्समधील हेग शहरात माउरित्सहाउस नावाचे संग्रहालय आहे. तेथे कारेल फॅब्रिशियस या चित्रकाराने 1654 साली काढलेले गोल्डफिंचचे छोटेसे चित्र आहे. भिंतीवरच्या दाण्याच्या पेटीवर पक्षी बसला आहे आणि त्याच्या पायात बारीक साखळी आहे. त्या काळी हे पक्षी लहानशा भांड्याने पाणी ओढून घ्यायला शिकत, म्हणून लोक त्यांना हौसेने पाळत. चित्रातील पक्ष्याला दाणा-पाणी मिळते, ऊन-वाऱ्यापासून आडोसा मिळतो. फक्त जायला मिळत नाही.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात त्यांची प्रचंड पकड होई. 1860 च्या सुमारास एकट्या वर्दिंग गावाच्या परिसरात वर्षाला सुमारे 1,32,000 गोल्डफिंच धरले जात, अशी नोंद आहे. पुढे कायदे झाले, पकड थांबली आणि पक्षी बागेत स्वेच्छेने येऊ लागले. तेथे 1979 पासून जानेवारीच्या अखेरीस नागरिक तासभर आपल्या बागेतील पक्षी मोजतात आणि आकडे पक्षिसंरक्षण संस्थेकडे पाठवितात. ही गणना नातवंडांबरोबर खुर्चीत बसून करता येते. त्या दिवसांत तेथे असाल तर अवश्य भाग घ्यावा.

डॉक्टर म्हणून चार गोष्टी

पहिली गोष्ट कानांची. वयोमानाने ऐकणे कमी होते तेव्हा सर्वप्रथम बारीक, उंच पट्टीचे आवाज हरवतात. नातीला गोल्डफिंचची किणकिण ऐकू येते आणि आपल्याला चोच हलताना दिसूनही आवाज येत नाही, असे झाले तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. श्रवणचाचणी करून घ्यावी. दुर्लक्षित बहिरेपणाने माणूस गप्पांतून बाजूला पडतो. वैद्यकशास्त्र आता त्याला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्येही गणते.

दुसरी गोष्ट हातांची. दाण्याची नळी अस्वच्छ राहिली तर तेथेच पक्ष्यांत रोग पसरतो. ब्रिटनमध्ये 2005 पासून एका परजीवी रोगाने ग्रीनफिंच इतके मेले की 2021 साली त्याची नोंद धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत झाली. हा रोग माणसाला होत नाही. साल्मोनेला मात्र होतो. 2021 साली अमेरिकेत सिस्किनसारख्या पक्ष्यांमधून आलेल्या साल्मोनेलाने माणसेही आजारी पडली आणि काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. वृद्ध, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी म्हणून विशेष जपावे. नळी आठवड्यातून एकदा, हातमोजे घालून, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नव्हे तर घराबाहेर धुवावी आणि पूर्ण वाळवून मगच भरावी. नंतर हात साबणाने 20 सेकंद धुवावेत. पिसे फुगवून मलूल बसलेला पक्षी दिसला तर नळी उतरवून स्वच्छ करावी आणि दोन आठवडे दाणे घालू नयेत.

तिसरी गोष्ट पायांची. दाणे भरण्यासाठी स्टुलावर चढू नये. नळी छातीच्या उंचीवर टांगून घ्यावी. रात्री गोठलेल्या फरशीवर सकाळी पाऊल टाकू नये. ऊन आल्यावर, न घसरणारी पादत्राणे घालूनच बाहेर जावे. उतारवयातील खुब्याचे हाड मोडण्याचे दुखणे कोणत्याही पक्षिदर्शनाहून महाग पडते.

चौथी गोष्ट मुलांसाठी आणि सुनांसाठी आहे. घरी आलेल्या आई-बाबांची काळजी आपण मनापासून घेता. “तुम्ही काही करू नका, नुसते बसा,” हे वाक्यही प्रेमातूनच येते. पण दिवसभर नुसते बसणे हा वृद्ध शरीराला आणि मनाला मोठा अपाय आहे. वर सांगितलेली काळजी घेऊन कारळे भरण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. किती पक्षी आले हे संध्याकाळी त्यांना विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. ज्यांना चालता येते त्यांना जवळच्या उद्यानापर्यंत एकटे जाऊ द्यावे. खिशात पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असला की पुरे. भारतात घरी काळजी घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तेथे गोल्डफिंच नसेल, पण गॅलरीत चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवून ते रोज धुण्याचे काम असू शकते.

हेगच्या त्या चित्रातील पक्ष्याच्या दाण्यापाण्यात काहीच उणे नव्हते. बागेतल्या गोल्डफिंचलाही आपण तेच देतो, फक्त त्याच्या पायात साखळी नसते. घरातील वडीलधाऱ्यांची सेवा करताना त्यांची पथ्ये, गोळ्या आणि तपासण्या जरूर सांभाळाव्यात. त्याबरोबरच दिवसातला काही वेळ, एखादे काम आणि एखादा निर्णय त्यांच्या स्वतःच्या हाती राहील, हेही पाहावे.